नाल्याकाठचं गवत, गोठ्याचं दूध आणि शिसं-कॅडमियम

तळोजा_फेज२
मंडळी, आमच्या सोसायटीत सध्या एकच विषय चालू आहे, म्हणून इथे विचारते. निम्म्या बिल्डिंगचा दुधाचा रतीब जवळच्या गावठाणातल्या एका गोठ्याकडे आहे. दूध घट्ट, साय चांगली, पोरं पिशवीच्या दुधाला तोंड लावत नाहीत. परवा कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकला. त्याच गोठ्याच्या म्हशी कासाडी नदीच्या काठाने चरतायत आणि मागे नाल्यातलं पाणी पंपाने उपसून गवताच्या वाफ्यांत सोडलंय. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली होती, ते आठवतच असेल. तेव्हापासून कासाडी म्हटलं की आमच्याकडे लोक दचकतात. आता निम्मे म्हणतात रतीब बंद करा, निम्मे म्हणतात उकळून पितो ना, काय होतंय. शिसं, कॅडमियम वगैरे दुधात उतरतं का? उकळून जातं का? फॉरवर्ड नकोत, माहिती असलेल्यांनीच लिहा प्लीज.

कोपरीचा_पक्या
शिशाचा उत्कलनबिंदू 1749 अंश सेल्सिअस. सिलिंडर पुरेल का तेवढं बघा.

तळोजा_फेज२
हसून झालं असेल तर पुढे बोलू या :)

निवृत्त_पशुवैद्य
पक्यांनी थट्टेत सांगितलं तरी उत्तर बरोबर आहे. उकळल्याने जंतू मरतात, धातू तिथेच राहतो. उलट दूध आटलं तर लिटरमागे त्याचं प्रमाण वाढतं. खवा, बासुंदी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता मूळ मुद्दा. गायी-म्हशींच्या पोटात जे जातं त्यातलं फार थोडं दुधापर्यंत पोचतं. मोठ्या रवंथी जनावराने खाल्लेल्या शिशापैकी फार तर काही टक्के आतड्यातून रक्तात शिरतं, कॅडमियम त्याहून कमी. बाकीचं शेणावाटे बाहेर. रक्तात गेलेलं कॅडमियम यकृत आणि मूत्रपिंड धरून ठेवतात, कासेपर्यंत जेमतेम अंश येतो. शिशाचं थोडं वेगळं आहे. रक्तात शिसं वाढलं की दुधातही वाढतं. शिवाय ते हाडात कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. म्हैस व्यायली की दुधासाठी हाडातलं कॅल्शियम मोकळं होतं, त्याच्याबरोबर जुनं शिसंही रक्तात येऊ शकतं. म्हणजे आज चारा बदलला म्हणून उद्या दूध स्वच्छ, असा हिशोब नाही.

कच्च्या दुधासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, शिशाची मर्यादा किलोला 0.02 मिलीग्रॅम, म्हणजे 20 मायक्रोग्रॅम. आकडा इतका लहान का, तर दूध लहान मुलं रोज पितात आणि त्यांचं आतडं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतं. मुलांसाठी शिशाची 'एवढं चालेल' अशी पातळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या संयुक्त समितीने पूर्वी ठरवलेली आठवड्याची सुसह्य मात्रा 2010 मध्ये मागे घेतली ती याच कारणाने.

माझं मत विचाराल तर दुधाने घाबरून जाऊ नका, पण गोठ्यात हिरवं गवत नेमकं कुठून येतं हे विचारा. नुसतं 'पाणी कुठलं' विचारून भागत नाही.

गावठाणी
फोटो माझ्याच म्हशींचा दिसतोय, म्हणून लिहितो. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

आमच्या गावाला गुरचरण होतं. 1970 नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, त्यात गुरं चारायची जागाही गेली. भात गेलं तसा घरचा पेंढाही गेला. आज पेंढा पनवेल-कर्जतकडून विकत आणतो, सरकी पेंड, भुसा, सुग्रास दुकानातून. हिरवं म्हणाल तर उन्हाळ्यात फक्त नाल्याकाठीच उरतं, कारण तिथेच बाराही महिने ओल असते. म्हशीला हिरवं नाही दिलं तर दूध पडतं, मग तुम्हीच म्हणता पातळ झालं. नाल्यात रंग मी सोडला का? नदी आमची होती, मासे आमचे होते. पकडायचं तर पाइप कुठून येतो ते पकडा, माझा गोठा नका पकडू.

तळोजा_फेज२
दादा, तुमच्यावर बोट ठेवायचं नव्हतं. तो फोटो मी टाकलेला नाही. पण मुलांना काय द्यायचं हे आईला विचारावं लागतंच ना.

मृद्गंध
गावठाणी दादांचं म्हणणं पटतं, पण एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटतेय. सगळे पाण्याकडे बघतायत. मी माती-पाणी तपासणीच्या कामात आहे, थोडं गणित मांडते. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, कुठल्या ठिकाणचे मोजलेले नाहीत.

समजा म्हैस दिवसाला 60 लिटर पाणी पिते आणि त्यात लिटरला 0.1 मिलीग्रॅम शिसं आहे. जनावरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी एफएओची मर्यादाच तेवढी आहे. झाले 6 मिलीग्रॅम. ती साधारण 10 किलो कोरडा चारा खाते. धरू की त्यात किलोला 5 मिलीग्रॅम शिसं आहे. झाले सुमारे 50. आता तिसरी गोष्ट, जी कोणी मोजत नाही. चरणारं जनावर गवताबरोबर माती खातं. गवत आखूड असेल, चिखल उडालेला असेल तर कोरड्या चाऱ्याच्या 1 पासून 18 टक्क्यांपर्यंत माती पोटात गेल्याच्या नोंदी आहेत. आपण 5 टक्के धरू, म्हणजे अर्धा किलो. त्या मातीत किलोला 200 मिलीग्रॅम शिसं असेल तर एकट्या मातीतून 100 मिलीग्रॅम. चारा आणि पाणी मिळूनही तेवढं भरत नाही.

शिसं मुळातून वर चढायला कुरकुर करतं, मातीच्या कणांना चिकटून बसतं. म्हणून गवतात जे सापडतं त्यातलं बरंचसं पानावर बसलेली धूळ-माती असते. रस्त्याकडेला हे जास्तच. देशभर शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं 2000 साली. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला त्याआधी जे पडलं ते उडून गेलेलं नाही, वरच्या वीतभर मातीतच आहे.

कॅडमियमची तऱ्हा उलटी. ते पाण्याबरोबर मुळांत शिरतं आणि पानात जाऊन बसतं, आणि रोप दिसायला हिरवंगार. रोपाला स्वतःला त्रास व्हायच्या कितीतरी आधी ते खाणाऱ्याला त्रासदायक होऊ शकतं.

कोपरीचा_पक्या
पण आता सांडपाणी प्रक्रिया केंद्रं झालीत की. नवी मुंबई महापालिका प्रक्रिया केलेलं पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांना देते असं वाचलंय. पाणी सुधारलं तर प्रश्न मिटला ना?

मृद्गंध
नाही मिटत, म्हणून तर मातीचं म्हणतेय. आधी घरगुती मैलापाणी आणि कारखान्याचं पाणी वेगळं धरा. घरगुती पाण्यात नत्र, स्फुरद, जंत, जंतू भरपूर, धातू त्या मानाने कमी. जड धातू मुख्यतः प्लेटिंग, रंग, रसायनं, बॅटऱ्या यांच्याकडून. आपल्याकडे पावसाळी नाल्यात दोन्ही एकत्र होतात ही खरी पंचाईत. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तिच्यात डोंबिवली आणि नवी मुंबई दोन्ही होती.

आता मर्यादेत असलेल्या पाण्याचं बघा. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियमची एफएओची मर्यादा लिटरला 0.01 मिलीग्रॅम. हेक्टरला वर्षाला 10,000 घनमीटर पाणी दिलं तर एक कोटी लिटर, म्हणजे 100 ग्रॅम कॅडमियम. वरच्या 20 सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी साधारण 26 लाख किलो. म्हणजे किलोमागे वर्षाला 0.04 मिलीग्रॅमच्या आसपास भर. क्षुल्लक वाटतं. तीस वर्षं तेच चालू राहिलं तर एक मिलीग्रॅमच्या वर. स्वच्छ मातीत मुळात असतं ते याच्या काही अंश. हे नियमात बसणाऱ्या पाण्याचं झालं. उद्या नाल्यात बिसलेरी सोडलीत तरी वाफ्यातली माती तीच राहणार. धातू कुजत नाही, त्याला कोणी जंतू खात नाही.

आणि खाडीकाठच्या लोकांसाठी एक खास गोष्ट. मिठातला क्लोराइड कॅडमियमशी जोडी करतो आणि ते जास्त मोकळं होऊन मुळांत शिरतं. म्हणजे खाजण जमिनीत, जिथे भरतीचं पाणी मुरतं, तिथलं गवत गोड्या जमिनीतल्या गवतापेक्षा जास्त उचलू शकतं. वाफा कायम पाण्याखाली असेल तर उलट कॅडमियम गंधकाशी बसून राहतं, उन्हाळ्यात सुकला की पुन्हा सुटतं. त्यामुळे एकाच जागेचा जानेवारीतला आणि मेमधला नमुना सारखा येईलच असं नाही.

सुगरण_मी
विषय वाचून पोटात गोळा आला. मी दर बुधवारी कलेजी आणते, ह्यांना गुर्दे आवडतात. डॉक्टर म्हणतायत यकृत आणि मूत्रपिंड धरून ठेवतात. म्हणजे काय समजायचं मी?

निवृत्त_पशुवैद्य
ताई, बोकडाची असेल तर निवांत खा. कॅडमियम वयाबरोबर साठत जातं. बोकड साधारण वर्षभरात कापला जातो, साठवायला त्याला वेळच मिळत नाही. सांभाळून राहायचं ते म्हाताऱ्या जनावराच्या गुर्द्याबाबत. आपल्याकडे ती म्हणजे भाकड म्हैस. 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीला नाही.

युरोपात मोठ्या जनावराच्या मांसात कॅडमियमची मर्यादा किलोला 0.05 मिलीग्रॅम, यकृतात 0.5 आणि मूत्रपिंडात 1. एकाच जनावराच्या तीन भागांसाठी कायद्याला वीसपट फरकाचे आकडे ठेवावे लागले, यावरूनच कळतं धातू कुठे बसतो ते. माणसासाठी महिन्याची सुसह्य मात्रा वजनाच्या किलोमागे 25 मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 1500. एक मिलीग्रॅमवाला गुर्दा पाव किलो खाल्ला तर 250 झाले. महिन्यातून एकदा खाल्लं म्हणून कोणी मरत नाही, पण त्याच माणसाच्या ताटात नाल्याकाठचा पालक रोज असेल आणि वर विडी-सिगारेट असेल तर बेरीज भरत जाते. तंबाखू कॅडमियम भरपूर उचलते, हे कोणी सांगत नाही. माणसाच्या मूत्रपिंडातून ते अर्धं व्हायला 10 ते 30 वर्षं लागतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या बायकांची हाडं ठिसूळ झाली, इताई-इताई म्हणतात त्या रोगाला. वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. 1968 मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. तिथे भात होतं, रोजचं, पिढ्यान्‌पिढ्या. दोन्हीतला फरक लक्षात घ्या.

अजून एक बारकी गोष्ट. शहरातल्या मोठ्या तबेल्यात ताजी व्यायलेली म्हैस विकत आणतात आणि भाकड झाली की विकतात. ती त्या चाऱ्यावर फार काळ राहत नाही. गावठाणातली घरची म्हैस दहा-दहा वर्षं त्याच दावणीला असते, तिची रेडकं तिथेच वाढतात. म्हणून 'घरगुती गोठा म्हणजे शुद्ध' हे समीकरण या बाबतीत नेमकं उलटं पडू शकतं. गावठाणी, राग मानू नका.

गावठाणी
राग कसला. खरं ते खरं.

खाटखूट
छान. म्हणजे दोष मांसाहाराचा, दूध पिणाऱ्यांचा, आमचा शाकाहार तेवढा पवित्र. चालू द्या.

दिवा_लोकल
@खाटखूट, कुठला पवित्र? दिव्याहून ठाण्याला लोकलने जाताना खिडकीबाहेर बघा. रुळांलगत वाफे, पालक, लाल माठ, भेंडी, आणि शेजारी काळं पाणी. सकाळी जुड्या धुतात त्याही त्याच पाण्यात. पालेभाजी कॅडमियम गवतासारखंच उचलते, आणि मध्ये ते गाळून घ्यायला म्हशीचं आतडं नसतं. ते सरळ तुमच्या ताटात. डॉक्टर सांगतील, पण मला तर वाटतं शाकाहारी माणसाला दुधापेक्षा भाजीची काळजी जास्त हवी.

निवृत्त_पशुवैद्य
बरोबर बोललात. म्हैस एका अर्थाने आपल्यासाठी गाळणीचं काम करते, आणि त्याची किंमत तिची मूत्रपिंडं देतात. भाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात तीन-चार वेळा धुतलीत तर माती आणि तिच्याबरोबरचं शिसं बरंच जातं. आतलं कॅडमियम जात नाही.

शीळफाट्याजवळ
एक अनुभव लिहितो. आमच्याकडे भंगाराची गोदामं आहेत, सगळ्यांना माहीत आहेत. मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांची वगार अचानक आंधळ्यासारखी भिंतीला डोकं लावून उभी राहायला लागली. दात करकरा खायची, तोंडाला फेस. आधी वाटलं पिसाळलेलं कुत्रं चावलं. डॉक्टर आले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आसपास जुन्या बॅटऱ्या आहेत का? कुंपणापलीकडे फोडलेल्या बॅटऱ्यांच्या प्लेटी पडल्या होत्या, राखाडी, भुगा झालेल्या. ती तिथे चाटायची. दुसऱ्या दिवशी गेली. गोदामवाल्याने हात वर केले. भरपाई वगैरे नाव नको.

निवृत्त_पशुवैद्य
वाईट झालं. हे तीव्र विषबाधेचं अगदी नेहमीचं चित्र आहे आणि वासरं-रेडकं-वगारी त्यात पहिल्या जातात, कारण कोवळ्या वयात, विशेषतः दुधावर असताना, खाल्लेल्या शिशाच्या निम्म्यापर्यंत रक्तात जाऊ शकतं. वेळेत कळलं तर ईडीटीएचं (शिशाला बांधून शरीराबाहेर काढणारं औषध) इंजेक्शन देता येतं. रेबीजची शंका असेल तर तोंडात हात घालू नका, आधी डॉक्टर. आणि त्याच दावणीच्या इतर दुभत्या जनावरांचं दूध रक्त तपासेपर्यंत बाजूला काढायचं. वासरालाही पाजायचं नाही.

नाल्याकाठच्या गवताचं विष मात्र असं दिसत नाही. तिथे म्हैस ठणठणीत दिसते. फार तर केसांचा रंग उतरतो, कातडीवर पांढरे चट्टे येतात, गाभ राहायला उशीर होतो. यामागे कित्येकदा तांब्याची कमतरता असते, कारण जस्त, कॅडमियम, मॉलिब्डेनम जास्त झालं की तांबं शोषलं जात नाही. आणि घरगुती मैलापाण्याच्या गवतात नत्र इतकं चढतं की कधी नायट्रेटनेच जनावर जातं, रक्त चॉकलेटी रंगाचं होतं. ते धातूंच्या खात्यावर मांडू नका.

गावठाणी
मग मी करू काय ते सांगा. म्हशी विकू? पॅरा गवताचा वाफा बंद केला तर हिरवं कुठून आणू?

मृद्गंध
दादा, एकदम बंद करा असं कोणी शहाणा सांगणार नाही. जमेल तसं करा.

गवत मुळाशी खरवडून कापू नका. जमिनीपासून चार बोटं वर विळा चालवा, मातीचा मोठा भाग तिथेच सुटतो. पावसाने चिखल उडालेलं गवत लगेच देऊ नका, बोअरच्या पाण्याने झोडपून घ्या. म्हशींना काठाला मोकळं चरायला सोडण्यापेक्षा कापून गव्हाणीत घालणं बरं. जमिनीवर टाकलंत तर सगळा फायदा गेला. प्यायचं पाणी नाल्याचं नकोच. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) 6.5 च्या खाली असेल तर चुना टाकल्याने कॅडमियम मुळांत कमी शिरतं, पण आधी सामू तपासा, डोळे झाकून चुना ओतू नका. आंबोणात खनिज मिश्रण रोज. कॅल्शियम, जस्त, तांबं पुरेसं मिळालं की आतडं शिसं-कॅडमियम कमी घेतं. आणि रेडकांना, गाभण म्हशींना बाहेरचा पेंढा आणि सुग्रास जास्त, नाल्याचं गवत शेवटी.

तळोजा_फेज२
आणि तपासणी? आमचे सेक्रेटरी म्हणतात दुधाचा नमुना घेऊन लॅबला टाकू, विषय संपला.

मृद्गंध
एका दिवसाच्या दुधाच्या नमुन्यावरून विषय संपत नाही. दुधातले आकडे इतके बारीक असतात की साध्या पद्धतीने 'आढळले नाही' येतं आणि सगळे खूश. आयसीपी-एमएस (धातूंचे बारीक अंश मोजणारं यंत्र) असलेली, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची लॅब बघा आणि आधी विचारा, तुमची मोजायची खालची मर्यादा किती? 0.02 च्या खूप खाली मोजता येत नसेल तर पैसे वाया. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, आम्लाने धुतलेली प्लास्टिकची. घरातला स्टीलचा डबा चालणार नाही.

पण माझं ऐकाल तर पहिला खर्च माती आणि गवतावर करा. वाफ्यात पाच-सहा ठिकाणची वरची वीतभर माती एकत्र करून एक नमुना, पाणी शिरतं त्या तोंडापाशी वेगळा, कारण गाळ तिथे आधी बसतो. गवताचे दोन भाग करा, अर्धं धुऊन, अर्धं न धुता. दोन्हीतला फरक म्हणजे बाहेरून बसलेलं, धुऊन उरलं ते आतलं. चाऱ्यासाठी युरोपात शिशाची मर्यादा किलोला 30 मिलीग्रॅम, कॅडमियमची 1 आहे, 12 टक्के ओलाव्यावर. तुलनेला ते आकडे हाताशी ठेवा.

निवृत्त_पशुवैद्य
रक्ताचे नमुने घ्यायचे असतील तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या, हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, तिथे मार्गदर्शन मिळेल. सगळ्यात जुनी म्हैस आणि सगळ्यात लहान रेडकू, या दोघांपासून सुरुवात करा.

गावठाणी
माती न्या, गवत न्या, रक्तही काढा. दुधाचा नमुना मात्र आत्ता नाही देणार. रिपोर्टमध्ये काहीही आलं तरी अर्धा कागद ग्रुपवर फिरेल आणि माझं गिऱ्हाईक तुटेल. आणि खर्च कोणाचा?

खाटखूट
दूध विकणार पण तपासू देणार नाही. वा!

निवृत्त_पशुवैद्य
खाटखूट, दूध विकत घेणारा कोणीही आपल्या पातेल्यातलं दूध तपासायला देऊ शकतो, त्याला यांची परवानगी लागत नाही. प्रश्न आहे तो गोठ्यात शिरू देण्याचा, आणि ते हा माणूस स्वतःहून देतोय. माती आणि रक्त साफ निघालं तर दुधावर पैसे घालवायची गरजही नाही.

तळोजा_फेज२
सेक्रेटरी म्हणतायत खर्च सभेत मंजूर करून घ्यावा लागेल, म्हणजे दिवाळीनंतर. तोवर मी आणि बी विंगमधल्या तिघी मिळून भरतोय. रिपोर्ट आधी दादांच्या हातात, मग इथे. तोवर धाकट्याला पिशवीचं दूध, दहा डेअऱ्यांचं एकत्र असल्याने निदान एका वाफ्यावर अवलंबून नाही. तो तोंड वाकडं करतोय, करू दे. मृद्गंध ताई, लॅबची खालची मर्यादा विचारली, त्यांनी 0.005 सांगितली. चालेल ना? मंगळवारी बाटल्या घ्यायला जाते.

मृद्गंध
चालेल. गवताच्या पिशव्यांवर मार्करने लिहा, चिठ्ठी आत टाकू नका, ओलीने शाई जाते. आणि कापायला गंजका विळा नको, स्टीलचा घ्या.